तीन कौन्सिलं आणि एक दुपारचा डबा

मी आमच्या शहराच्या कौन्सिलवर निवडून आले आणि हेल्थ स्क्रूटिनी, म्हणजे हॉस्पिटलवाल्यांना जाब विचारणारी कमिटी, माझ्या गळ्यात पडली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. प्लॅनिंग कमिटीवर जायला आमच्या पक्षाच्या ग्रुपमध्ये मारामारी असायची. तिथे निदान कुणाच्या तरी घराच्या एक्स्टेन्शनला हो किंवा नाही म्हणता येतं. स्क्रूटिनीत नुसतं विचारायचं. विचारून झालं की रिपोर्ट लिहायचा, आणि ज्यांना विचारलं त्यांनाच तो पाठवायचा. मी नवी, त्यात बाई, त्यात नागपूरची. तुमच्या लोकांत डॉक्टर बरेच असतात ना, असं आमचे ग्रुप लीडर म्हणाले आणि माझं नाव लिहून मोकळे झाले. मी एका हाउसिंगच्या ऑफिसात अकाउंट्स बघायची. आमच्या सात पिढ्यांत कुणी कंपाउंडरही नव्हता.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. कायदा नुकताच झाला होता की हॉस्पिटलवाल्यांना सेवेत मोठा बदल करायचा असेल, तर आधी निवडून आलेल्या कौन्सिलला विचारायचं. आणि बदलाचा फटका एकाहून जास्त कौन्सिलांना बसणार असेल, तर त्या सगळ्यांनी मिळून एकच जॉइंट कमिटी नेमायची आणि एका तोंडाने बोलायचं. वाचायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात इंग्लंडच्या मिडलँड्समधलं आमचं छोटं शहर, शेजारचं मोठं शहर, आणि दोघांना वेढून बसलेली कौंटी, म्हणजे आसपासचा जिल्हा, अशी तीन कौन्सिलं एका टेबलाशी आली आणि पहिली अख्खी मीटिंग कुठे भेटायचं नि अध्यक्ष कोण यातच गेली. शेवटी ठरलं की तिन्ही टाउन हॉलमध्ये आळीपाळीने भेटायचं आणि अध्यक्ष कौंटीचा. घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, आपल्या नागपूरच्या सोसायटीच्या मीटिंगा बऱ्या होत्या, तिथे निदान भांडून मोकळं तरी व्हायचो.

विषय होता आमच्या शहरातल्या जुन्या, छोट्या हॉस्पिटलमधला एक वॉर्ड. पक्षाघात झालेली, पडून असलेली म्हातारी माणसं तिथे महिनोन्‌महिने राहायची. तो वॉर्ड बंद करायचा आणि खाटा शेजारच्या शहरातल्या नव्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायच्या असा प्रस्ताव. त्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर आमचे काका होते.

काका म्हणजे मावशींचे यजमान. आणि मावशी म्हणजे कोण, हे इंग्रजीत सांगायची वेळ माझ्यावर आली आणि तिथेच सगळं गाडं अडलं. पण ते पुढे.

मावशी-काका दोघंही नागपूरकडचे, साठच्या दशकात इथे आलेले. काका मशीन टूल्सच्या कारखान्यात, मावशी दुसऱ्या एका फॅक्टरीच्या कँटीनमध्ये. मूलबाळ झालं नाही. मी नवऱ्याच्या व्हिसावर या देशात उतरले त्या पहिल्या वर्षी कॉव्हेंट्रीत एका भाड्याच्या हॉलमध्ये चौदा एप्रिलच्या जयंतीला गेले होते. थंडीने बोटं वाकडी झालेली. एका बाईंनी माझ्याकडे बघितलं, विचारलं, "कोठची वं तू?" मी गाव सांगितलं. त्यांनी स्वतःच्या अंगातलं स्वेटर काढून मला घातलं आणि म्हणाल्या, मी तुझी मावशी. झालं. त्या दिवसापासून दर शनिवारी त्यांच्याकडे जेवायला. माझ्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणात सव्वा महिना त्यांनीच मला न्हाऊ-माखू घातलं. रक्ताचं नातं विचाराल तर काडीचं नाही.

काकांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्याच्याबरोबर इंग्रजीही गेली. चाळीस वर्षं बोललेली भाषा एका सकाळी पुसून गेली, उरली ती लहानपणची वऱ्हाडी, तीही अर्धीमुर्धी. ते नर्सच्या हातून खाईनात. चमचा दिसला की ओठ मिटून घ्यायचे. मग मावशी रोज दुपारी घरून डबा घेऊन चालत जायच्या. मऊ भात, त्यावर वरण, कधी बारीक कुस्करलेली पालकाची भाजी. मीठ अगदी कमी, डॉक्टरांनी बजावलेलं. हाताने कालवून, बोटांनी घास करून भरवायच्या, आणि काका खायचे. वॉर्डची सिस्टर खमकी होती, पण मावशींना तिने कधी अडवलं नाही. मावशींच्या घरापासून हॉस्पिटल एवढं जवळ की डबा गरमच पोचायचा.

नवं हॉस्पिटल दोन बस बदलून. मावशींचे गुडघे जिना बघितला तरी कुरकुरायचे. वॉर्ड गेला तर काकांना जेवू कोण घालणार, एवढाच आमचा प्रश्न होता. बाकी खाटांची संख्या, केअर पाथवे, स्टाफिंग मॉडेल वगैरे जे काही आमच्यापुढे गठ्ठ्याने यायचं, ते मी वाचायची, पेन्सिलने खुणा करायची, आणि प्रत्येक पानावर मला तो डबाच दिसायचा.

कमिटीत दर वेळी सुरुवातीला एक विधी असतो. अध्यक्ष विचारतात की कुणाला इंटरेस्ट डिक्लेअर करायचा आहे का. म्हणजे विषयात तुमचं स्वतःचं, घरच्यांचं, जवळच्यांचं काही हित गुंतलंय का. साधं असेल तर सांगून बसून राहायचं. जास्त असेल तर सांगायचं आणि चक्क खोलीबाहेर जायचं, चर्चा नाही, मत नाही. मी पहिल्याच दिवशी कायदा बघणाऱ्या बाईंना गाठून विचारलं होतं की त्या वॉर्डातला एक पेशंट माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, काय करू. त्या म्हणाल्या, अर्ध्या शहराचं कुणी ना कुणी तिथे आहे, ओळख चालते, तेवढं जाहीर करा. पण कुटुंबातलं असेल तर मला आत्ताच सांगा. मी म्हटलं, कुटुंबातलं नाही. तेच खरं होतं, निदान त्यांच्या अर्थाने. दर मीटिंगला मी उठून सांगायची की वॉर्डातल्या एका पेशंटला मी ओळखते, आणि खाली बसायची.

मग सुरू झाला तो रगाडा. नवं हॉस्पिटल दाखवायला आम्हाला मिनीबसने नेलं. सगळं चकचकीत, भिंतींना लिंबाचा रंग, प्रत्येक खाटेला टीव्ही. आम्हाला सगळं समजावून देणारे मॅनेजर फार गोड बोलायचे. मी विचारलं की ज्यांच्या घरचे जेवण भरवायला येतात त्यांचं काय. ते म्हणाले, आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे आणि अनुभव असा आहे की पेशंट लवकर रुळतात. मी बसचं विचारलं. ते म्हणाले, तो बस कंपनीचा विषय आहे. बस कंपनीच्या माणसाला बोलावलं तर तो म्हणाला, पॅसेंजर असतील तर बस वाढवू. कौंटीच्या एका मेंबरने पार्किंगचं विचारलं आणि पुढचा सगळा वेळ पार्किंगवरच गेला. माझं डोकं उठायचं. पुढच्या मीटिंगला मागच्या मीटिंगचं इतिवृत्त मंजूर करण्यात निम्मा वेळ, कारण मोठ्या शहरवाल्यांना प्रत्येक वाक्यात काहीतरी खटकायचं. खाटा त्यांच्याकडे जाणार होत्या. त्यांचं काय अडलं होतं? आमच्या लोकांना वॉर्ड बंद व्हायला नको होता. कौंटीवाले निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दोन वर्षं नुसतं घोंगडं भिजत पडलं होतं आणि मला वाटायचं, कशाला पडले मी या भानगडीत.

आमच्या हातात एकच हत्यार होतं. कमिटीला वाटलं की हा बदल लोकांच्या हिताचा नाही, तर ती प्रकरण थेट मंत्र्यांकडे पाठवू शकत होती. मग मंत्री स्वतंत्र लोकांकडून तपासून निर्णय देणार, आणि तोपर्यंत प्रस्ताव थांबलेला. शेवटची मीटिंग त्याच मतदानाची. आमच्याच टाउन हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. लोकांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळणार होती. मावशींनी नाव दिलं.

त्या शनिवारी जेवताना त्यांनी मला विचारलं की काय बोलू. मी म्हटलं, मावशी, मला विचारू नका, मी कमिटीवर आहे, मी तुम्हाला शिकवलं असं झालं तर सगळंच मुसळ केरात. त्यांना ते काही पटलं नाही. माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "काहून? तू आपली असून सांगत नाही, तर मंग कोन सांगन?" त्या रुसल्याच. पण मला वाटलं, काकांचं सांगतील, डब्याचं सांगतील, त्यात शिकवण्यासारखं आहे काय.

मीटिंगला मावशी जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसून आल्या, वर जाड कोट. हॉल भरलेला. समोर कमिटीचं घोड्याच्या नालासारखं टेबल, मधे माइक. मावशींचं इंग्रजी फॅक्टरीच्या कँटीनमधलं, खणखणीत. कुणाला घाबरायचं त्यांना माहीत नव्हतं. माइकपाशी जाऊन त्यांनी सगळ्यांना हात जोडले. मग आपलं नाव सांगितलं, किती वर्षं या शहरात टॅक्स भरला ते सांगितलं. आणि मग हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ती बसलीय ना तिथे, ती माझी भाची आहे, माझ्या घरी जेवते, तिची मुलगी माझ्या मांडीवर वाढली, तिला विचारा, मी खोटं बोलणारी बाई नाही.

मी कपाळाला हात लावला.

त्यांचं काही चुकलं होतं का? आपल्याकडे तहसील कचेरीत जा, दवाखान्यात जा, शाळेत ॲडमिशनला जा, माणूस पहिल्यांदा काय सांगतो? ओळख. आत आपलं कुणी असेल तर ते आधी सांगायचं, म्हणजे समोरचा नीट ऐकतो. मावशींनी तेच केलं. एवढ्या गोऱ्या लोकांत आपली पोरगी टेबलाशी बसलीय, याचा त्यांना केवढा अभिमान होता, तो सगळा त्यांच्या तोंडावर दिसत होता. मी आदल्या शनिवारी एवढं एकच वाक्य सांगायला हवं होतं, की तिथे आपली ओळख काढू नका, आणि नेमकं तेच सांगायला मला बंदी होती.

मोठ्या शहराचे एक मेंबर खुर्चीत सरळ झाले. कायद्याच्या बाई उठून अध्यक्षांच्या कानाशी वाकल्या. अध्यक्ष म्हातारे, सभ्य गृहस्थ. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मावशींना थांबायची विनंती केली आणि मला विचारलं की वक्त्या आपल्या नातेवाईक आहेत का, कारण तसं असेल तर आपल्याला या विषयापुरतं बाहेर जावं लागेल.

नाही म्हणायचं होतं. एक शब्द. कायद्याने तो खराही होता. मी नाही म्हटलं की माझं मत राहणार होतं, आणि हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या त्या मतांत एकेक मत सोन्याचं होतं. पण मावशी माझ्यासमोर उभ्या, अजून हसऱ्या, बोट अजून अर्धवट माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू की ही बाई माझी कोणी नाही? सगळा हॉल माझ्याकडे बघतोय, कायद्याच्या बाई पेन धरून उभ्या, आणि मी नुसती पाण्याचा ग्लास फिरवतेय.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. कँटीनमध्ये आयुष्य काढलेली बाई, माणसं वाचायला त्यांना भाषा लागत नव्हती. त्यांचं हसू मावळलं. माइक चालूच होता.

"ती माझी कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की आमच्यात तशी रीत आहे, आम्ही सगळ्यांनाच असं म्हणतो, बसच्या ड्रायव्हरलाही मी भाऊच म्हणते. या बाईंना मी जयंतीच्या कार्यक्रमात पाहिलंय, एवढंच. हॉलमध्ये लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, ताण सुटल्यावर येतं तसं. अध्यक्षांनी मान डोलावली, कायद्याच्या बाई मागे जाऊन बसल्या. आणि क्लार्कने हात वर केला, मावशींचा वेळ संपला होता. काकांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

चर्चेत मी ते बोलले. माझ्या तोंडून ते कसं निघालं सांगू? जेवणाच्या वेळी केअररना वॉर्डात येता यावं, त्यासाठी सार्वजनिक वाहतुकीची सोय पुरेशी नाही. एवढं कोरडं. भात नाही, वरण नाही, मिटलेले ओठ नाहीत. माझा आवाज मलाच परका वाटत होता. मग हात वर झाले. प्रकरण मंत्र्यांकडे पाठवायचं, हे एका मताच्या फरकाने मंजूर झालं. आमच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. मला हात वर करताना लाज वाटली ती अजून आठवते.

बाहेर कोट अडकवतात तिथे मी मावशींना गाठलं. मिठी मारायला पुढे झाले तर त्या मागे सरकल्या आणि हळू म्हणाल्या, "दूर राह्य. पाहून राह्यले लोक." खरंच, मोठ्या शहरवाले ते मेंबर जिन्यावर उभे राहून आमच्याकडे बघत होते. जाताना मला म्हणाले, तुमच्या कम्युनिटीचं फार छान आहे, सगळेच एकमेकांचे नातेवाईक. त्यांनी तक्रार केली असती आणि चौकशी लागली असती, तर माझं मत गेलं असतं आणि त्याबरोबर सगळंच बोंबललं असतं. हे मला कळत होतं. मावशींना माझ्याही आधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "मंत्र्याचा निकाल लागेपर्यंत घरी येजो नको. मी एवढ्या लोकांसमोर बोलली. आता ते पाळावं लागते."

मी वाद घातला. रागावलेसुद्धा. म्हटलं, शनिवारी एक बाई दुसरीकडे जेवायला गेली तर कोण बघतंय? त्या म्हणाल्या, तुझी गाडी सगळी गल्ली ओळखते. आणि फोन ठेवला. त्यांच्या हट्टापुढे मी आजवर कधी टिकले नव्हते. पहिल्या शनिवारी माझ्या मुलीने विचारलं की आपण आजीकडे का जात नाही. मी तिच्यावरच खेकसले.

पुढे जे झालं ते कमिटीतल्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, निदान माझ्या तरी. वॉर्ड जाणार या बोलवेने तिथल्या नर्स आधीच दुसरीकडे नोकऱ्या शोधत होत्या. ती खमकी सिस्टरही गेली. एजन्सीच्या नर्स येऊ लागल्या, रोज नवी. आणि एका शुक्रवारी दुपारी मॅनेजरनी कळवलं की पुरेसा स्टाफ नसल्याने, पेशंटच्या सुरक्षिततेसाठी, वॉर्ड तात्पुरता बंद करत आहोत. मी कमिटीच्या ऑफिसरला फोन केला, तावातावाने विचारलं की मंत्र्यांचा निर्णय यायचाय, असं करता येतंच कसं. ते बिचारे थकलेल्या आवाजात म्हणाले, येतं. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर विचारायची गरज नाही, कायद्यातच आहे. मी तो कायदा दोन वर्षं जवळ बाळगला होता. ती ओळ मी वाचलीही होती, पण ती अशी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. सोमवारपर्यंत काका नव्या हॉस्पिटलात होते. मी हात टेकले.

माझा नवरा कमिटीवर नव्हता, म्हणून तो रविवारी काकांना बघायला जायचा आणि येऊन मला सांगायचा. मावशी दोन बस करून येतात. पहिली उशिरा आली की दुसरी चुकते. डबा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून बसतात, पण पोचेपर्यंत वॉर्डात जेवणाची गाडी फिरून गेलेली असते. त्याने त्यांना सोडायला येऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, गाडी तीच ना, मंग नको. काका कसे आहेत विचारलं तर तो म्हणायचा, बरे आहेत. एवढंच. मला त्याचा राग यायचा.

एकदा पाऊस भुरभुरत असताना मी ऑफिसच्या कामाला जात होते, तर मावशी बस स्टॉपवर दिसल्या. डोक्याला स्कार्फ, हातात पिशवी. मी गाडी हळू केली, काच खाली केली. त्यांनी मला पाहिलं आणि पाठ फिरवून भिंतीवरचं टाइमटेबल वाचायला लागल्या. चष्मा पिशवीत होता, काय वाचत होत्या कोण जाणे. मागच्याने हॉर्न दिला. मी पुढे जाऊन सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि ढसाढसा रडले. रागही आला होता भयंकर. मावशींचा, त्या गोडबोल्या मॅनेजरचा, माझा, कुणाकुणाचा म्हणून सांगू? मग डोळे पुसून कामाला गेले. तिथेही माझ्या नावाने गठ्ठा येऊन पडलेलाच होता.

हिवाळा गेला. मार्चमध्ये मंत्र्यांचं उत्तर आलं. जॉइंट कमिटीने केलेल्या बारकाईच्या कामाचं कौतुक होतं. स्थानिक लोकांच्या भावनांची दखल होती. आणि सगळ्याचा विचार करता हॉस्पिटलचा प्रस्ताव योग्य वाटतो, वाहतुकीबाबत मात्र सर्वांनी मिळून चर्चा चालू ठेवावी, असं होतं. थोडक्यात, तोंडाला पानं पुसली. अध्यक्षांनी सगळ्यांना आभाराचा ईमेल पाठवला. कमिटी बरखास्त झाली.

मी मावशींना फोन केला. कितीतरी महिन्यांनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वॉर्डाबद्दल काही विचारलं नाही.

"म्हणजे आता तुझं ते कमिटीचं काम संपलं?"

"संपलं."

"पक्कं?"

"पक्कं, मावशी."

"मंग उद्या गाडी घेऊन येजो. साडेअकराले."

मी ऑफिसला दांडी मारली. त्या दारात तयारच उभ्या होत्या, पांढऱ्या टॉवेलात डबा. बारीक झाल्या होत्या. गाडीत बसल्यावर माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, किती वाळली वं. वाटेत मुलीच्या शाळेचं विचारलं, नवऱ्याच्या नोकरीचं विचारलं, जयंतीला यंदा हॉल मिळाला का ते विचारलं. बसला लागतो त्याच्या अर्ध्याहून कमी वेळात आम्ही पोचलो. मावशी पहिल्यांदाच जेवणाच्या आधी पोचल्या होत्या. मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळतच होत्या.

काका खुर्चीत उशा लावून बसवलेले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले. खरं सांगायचं तर तब्येत सुधारली होती, गाल भरले होते. मला हे नवऱ्याने का सांगितलं नाही, ते मला पुढच्या दहा मिनिटांत कळलं.

मावशींनी वॉशबेसिनवर हात धुतले, डबा उघडला, भात कालवला. वाफ अजून येत होती. घास करून त्यांच्या ओठांपाशी नेला. "खा बरं," म्हणाल्या. काकांनी मावशींकडे पाहिलं. ओळखलं नाही असं नव्हतं, डाव्या हाताने त्यांनी मावशींचा पदर धरला. पण ओठ मिटलेले. मावशींनी पुन्हा घास पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात जेवणाची गाडी आली. एक तरुण नर्स हसत आली, हातात बाउल, त्यात बटाट्याचा लगदा आणि ग्रेव्ही. चमचा भरायच्या आधीच काकांनी तोंड उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं.

नर्स आम्हाला बघून गोंधळली. म्हणाली, पहिले काही आठवडे फार जड गेले, पण आता छान जेवतात, कस्टर्ड तर फारच आवडतं. तुम्ही भरवता का, म्हणून तिने चमचा मावशींपुढे केला. मावशींची बोटं भाताने माखलेली. त्यांनी मान हलवली.

"यू डू," त्या म्हणाल्या. "ही ईट्स फॉर यू. गुड. व्हेरी गुड."

काकांचा बाउल संपेपर्यंत आम्ही उभ्या होतो. पदर त्यांच्या मुठीतच होता. मावशींनी तो हळूच सोडवून घेतला, हात धुतले, त्यांचं तोंड पुसलं, कपाळावरून हात फिरवला. मग डब्याला झाकण लावून निघाल्या. लिफ्टमध्ये त्यांनी डबा पुन्हा टॉवेलात गुंडाळला. मी काय बोलणार होते? दोन वर्षं मी बोलतच तर होते.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली. त्यांनी माझा हात धरून थांबवलं.

"आता मी रोज नाही येत," त्या म्हणाल्या. "रविवारी येत जाऊ. तू आन्‌ मी."

"हो, मावशी."

"खाऊन राह्यला ना तो. मंग झालं." पदराने त्यांनी डोळे दाबले, बराच वेळ. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग त्यांनी टॉवेल सोडला आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. "खा. सकाळपासून उपाशी असशीन तू."

मी स्टिअरिंगमागे बसून तो भात हाताने खाल्ला. मऊ, बिनमिठाचा, आता गार होत आलेला. मावशी बघत होत्या. कडेला चिकटलेली शितं राहिली तर तीही बोटाने दाखवली. मी ती पुसून खाल्ली. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, टॉवेलात बांधला आणि म्हणाल्या, चाल, घरी सोड मला.